जेम्स रूसच्या मागावर: हॅरिस पार्क ते कॅम्पबेलटाउन

सिडनीला मुलांकडे आलेल्या आईवडिलांचा ऑपेरा हाऊस आणि बाँडाय बीचचा कार्यक्रम ठरलेला असतो. तो उरकून आम्ही हॅरिस पार्क गाठलं, कारण सुनेच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की त्यांचं मूळ जेम्स रूसपर्यंत जातं. हा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा कैदी. घरफोडीबद्दल सात वर्षांची शिक्षा होऊन ब्रिटनमधून कैदी घेऊन आलेल्या १७८८ च्या पहिल्या ताफ्यातल्या 'स्कारबरो' जहाजातून आला. शिक्षा संपल्यावर त्याने जमीन मागितली. एका माणसाला स्वतःचं पोट स्वतः भरायला किती काळ लागतो ते बघायला वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याने सिडनीच्या पश्चिमेकडच्या परामट्टाजवळचा तुकडा त्याला कसायला दिला. बरामट्टगल या इथल्या मूळ रहिवाशांची ती जमीन, पण त्यांना विचारतो कोण! एप्रिल १७९१ मध्ये ३० एकर रूसच्या नावावर झाले.

हॅरिस पार्क म्हणजे सिडनीतलं 'लिटल इंडिया'. विग्रम स्ट्रीटवर डोसा खाऊन घ्या आणि चालत रूस स्ट्रीटवरच्या एक्सपेरिमेंट फार्म कॉटेजला जा. ते ठरावीक दिवशीच उघडं असतं, तेव्हा वेळा आधी बघा. बैठं घर, रुंद व्हरांडा, पण रूस इथे कधी राहिला नाही. त्याने १७९३ मध्ये शेत डॉ. जॉन हॅरिसला ४० पौंडांना विकलं आणि हे घर हॅरिसने १८३० च्या दशकात बांधलं. मला गंमत वाटली ती रूसच्या शेतीची. झाडं जाळायची, राख मातीत मिसळायची, मग सगळं कुदळीवर, नांगर नाहीच. "अगं, हा तर राब!" हे म्हणाले. यांचं बालपण कोकणातलं.

आता पूर्वज शोधायची कागदपत्रं. रूसकडून खाली येऊ नका, घरातल्या जिवंत माणसापासून वर चढा. न्यू साउथ वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी १८५६ पासूनची, त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. सरकारी सूची ऑनलाइन फुकट बघता येते. सर्टिफिकेटला मात्र पैसे पडतात. निवड करायची झाली तर मृत्यूचं मागवा, त्यात बहुधा आईवडील, लग्न आणि मुलं असं सगळं एकाच कागदावर मिळतं. १८२८ च्या जनगणनेत माणूस कुठल्या जहाजाने आला तेही आहे. जुनी वर्तमानपत्रं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या वेबसाइटवर फुकट वाचता येतात. स्पेलिंगवर अडून बसू नका, तेव्हाचे कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत. आणि कैदी पूर्वज निघाला तर खुश व्हा: सरकारने ज्याला पकडलं त्याची नोंद चोख असते.

रूस १८३७ मध्ये वारला. दफन कॅम्पबेलटाउनच्या सेंट जॉन्स कॅथलिक दफनभूमीत. परामट्टातही सेंट जॉन्स आहे, पण ते अँग्लिकन. गल्लत करू नका. कॅम्पबेलटाउनला जायला हॅरिस पार्कहून टी-फाइव्ह मार्गाची लोकल पकडून ग्लेनफिल्डला गाडी बदला. थडग्यावरचा लेख त्याने स्वतः कोरला असं म्हणतात. अक्षराअक्षराला चुका, आणि आशय एवढाच की आईने मायेने वाढवलं आणि या वसाहतीत पहिलं धान्य मी पेरलं. सून ते मोठ्याने वाचत होती, अडखळत.

तिची साखळी सध्या पणजीच्या आईच्या माहेरच्या आडनावापाशी अडली आहे. पुढचं सर्टिफिकेट मागवलंय.