सोलापूर ते हत्तरसंग कुडल: एकटीनं, सायकलवर

आमच्या घरात माणसं सहा आणि आतून कडी लावता येईल असं दार एकच, न्हाणीचं. त्यावरही "झालं का?" अशी थाप पडतेच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये एकमतानं सांगितलं. निकालाची प्रत जुळे सोलापुरात अजून पोचायची आहे. तक्रार नाही, सासूबाईंनी एखाद्या दिवशी "कुठं चाललीस?" विचारलं नाही तर मलाच चुकल्या-चुकल्यासारखं होईल. पण अधूनमधून हाकेच्या टप्प्यापलीकडं जाऊन यावं लागतं. चालत तेवढं लांब जाता येत नाही, गाडीवर गेलं तर कुणीतरी मागं बसतं. म्हणून सायकल.

सोलापुरात सायकलवाल्यांचे ग्रुप आहेत आणि चांगले आहेत. त्यांच्याबरोबर गेलं की पंक्चर कुणीतरी काढून देतं आणि नाश्त्याला सोबत असते. पण तिथंही कुणी पुढं गेलं, कुणी मागं राहिलं, फोटोला थांबा, हे चालूच. मला जे हवं असतं ते तिथं मिळत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी हत्तरसंग कुडलला जाऊन आले, त्याचा हा वृत्तांत. भीमा आणि सीना जिथं मिळतात ते ठिकाण. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास. रस्ता जवळजवळ सपाट. सलग तीस-चाळीस किलोमीटर चालवायची सवय असेल तर सावकाश होतं.

दिवस ठरवताना सोलापूरकरांनी हवामानाच्या आधी नळ बघावा. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, आणि येईल त्या दिवशी पहाटे घरातून निसटणं म्हणजे घरच्यांशी वैर. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी टाकळीला उचलून शहराला येतं. मी निघते तीही त्याच भीमेकडं. हे गणित एकदा नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, मग येताना दोन घागरी भरून आण.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. फेब्रुवारीत दुपार तापायला लागते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा हा रस्ता विसरा. पावसाळ्यात डांबर सोडून अजिबात उतरू नका. इथली काळी माती ओली झाली की चाकाला लगदा बसतो, मडगार्डमध्ये भरतो, आणि दहा पावलांत सायकल उचलून घ्यावी लागते. सीनेला पाणी किती आहे तेही विचारून घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये या नदीनं काय केलं ते काठच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल.

उजाडायच्या जरा आधी निघाले. सैफुलवरून विजापूर रोडला लागलं की सोरेगाव, पुढं हत्तूर, मग वडकबाळला सीनेचा पूल. हा चौपदरी महामार्ग. एकांत वगैरे इथं काही नाही, हा टप्पा फक्त उरकायचा. डाव्या कडेनं, मागचा लाल दिवा चालू ठेवून. गळीत हंगामात खरी धास्ती ट्रकची नसते, उसाच्या ट्रॅक्टरची असते. मागं दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस बाहेर आलेला आणि मागचा दिवा बहुतेकांना नसतोच. बरं एवढंच की ड्रायव्हर गाणी इतक्या मोठ्यानं लावतात की ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. म्हणून कानात काही घालायचं नाही. ट्रॅक्टरच्या मागं चिकटून वारा वाचवायचा मोह होतो. वरून उसाची मोळी सुटली तर वाचवायला कुणी नाही.

वडकबाळच्या पुलाच्या पुढं येऊन पहिल्यांदा थांबले आणि चहा घेतला. मंद्रूपच्या परिसरात महामार्ग सोडून डावीकडं, पूर्वेला वळायचं. कुडलचा फाटा कुणीही सांगतं. नकाशावर विसंबून शेतातल्या वाटेला लागू नका. नकाशाला बैलगाडीची वाट आणि रस्ता यातला फरक कळत नाही.

फाट्याच्या आत शिरलं की आवाज एकदम कमी होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी, डोक्याएवढी, काही ठिकाणी निसवायला लागलेली. मधे करडईचे आणि हरभऱ्याचे पट्टे. थंडीत धाटांवर दव असतं आणि पानं एकमेकांवर घासली की कोरडा नव्हे, ओलसर, जड आवाज येतो. इथं वेग मोजायचं मी बंद करते. डोक्यात आठवडाभराचं जे साचलेलं असतं ते पहिले काही किलोमीटर गिरगिरतं: ऑफिसातला ताळेबंद, पोराची फी, वन्सं काय बोलल्या. मग केव्हातरी थांबतं. नेमकं कुठं थांबतं ते मला कधी पकडता आलेलं नाही.

एकटीनं गेलं म्हणजे कुणाला दिसणार नाही, असा कुणाचा समज असेल तर तो इथं मिटेल. हेल्मेट घातलेली बाई सायकलवर म्हटल्यावर सगळा गाव बघतो. एका वस्तीवर म्हशीला पाणी पाजणाऱ्या आजोबांनी आधी कानडीत विचारलं, "ओब्बरे?" एकट्याच का? या पट्ट्यात कानडी घराघरात बोलतात. मी हो म्हणून मान हलवल्यावर मराठीत सुरू झाले.

"कुठनं आलाव?"

"सोलापूरहून."

"मालक नाहीत संगं?"

"घरी आहेत."

"पोरं?"

"तीबी घरीच."

"मग तुम्ही कशापाय आलाव?"

"अशीच."

आजोबांनी थोडा विचार केला, म्हणाले, "बरं हाय," आणि म्हशीकडं वळले. यातच सगळं आलं. अनोळखी माणसाच्या चौकशीला शेपूट नसतं. तो सात पिढ्यांचं विचारील, पण उत्तर दिलं की विषय मिटला. संध्याकाळी त्यावरून कुणी तोंड पाडून बसत नाही. घरचा एकच प्रश्न असतो आणि तो आठवडाभर पुरतो. म्हणून रस्त्यावरच्या प्रश्नांचा मला त्रास होत नाही, सरळ उत्तरं देते. दोन गोष्टी मात्र पाळते. कुठल्या वाटेनं परतणार ते सांगत नाही, आणि कुणी मोटारसायकल बरोबरीनं चालवत गप्पा मारायला लागला तर पुढच्या टपरीवर नाही तर घरासमोर, जिथं बायका दिसतील तिथं, थांबते. बहुतेक जण निव्वळ कुतूहलानं येतात. तरीही थांबायचं. 112 हा नंबर पाठ असतो, पण रेंज सगळीकडं असेलच असं नाही.

आता बायकांसाठी. पुरुषांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल, वाचला तर जास्त बरं. मोकळ्या रानात सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे आडोसा. महामार्गावर पेट्रोल पंप आहेत, त्यांचा संकोच न करता उपयोग करा. आतल्या रस्त्याला लागल्यावर ती सोय नाही. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी उभी असते, तोवर निभतं. ज्वारी काढली की कोसभर नुसत्या सपाट रानात बाभळीशिवाय उभं काही दिसत नाही. माझं हिवाळ्यातच जाणं होतं त्यामागं हवेइतकंच हेही कारण आहे. शेतात शिरताना आधी मोठ्यानं खाकरायचं आणि पायाखाली बघायचं. दाणा भरायला लागल्यावर पाखरं राखायला माळ्यावर माणूस असतो, हातात गोफण असते आणि उंचावरून त्याला सगळं दिसतं. तेव्हा आधी वर बघायचं. पाण्याची बाटली कमी प्यायची, ही युक्ती अनेक जणी करतात. करू नका. डोकं धरतं, आणि परतीला उन्हात पायांत गोळे येतात.

कुडलला पोचले तेव्हा कोवळं ऊन होतं. सायकल देवळासमोर पारापाशी कुलूप लावून ठेवली. इथं दोन जुनी देवळं आहेत. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यातली "वाछि तो विजेया होईवा" ही ओळ प्रसिद्ध आहे: जो हे वाचील तो विजयी होईल. समोरून बघितलं तर अक्षरं लवकर उठत नाहीत. मोबाईलची बॅटरी बाजूनं, तिरपी धरली की खाचांत सावली पडते आणि एकेक अक्षर दिसायला लागतं. खडू किंवा पाणी लावून वाचायचा उद्योग कृपा करून करू नका. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात, मातीखालून काढलेल्या भागात, 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. मी मोजायला बसले होते, एका रांगेच्या पुढं चित्त टिकलं नाही.

संगमावर पाणी संथ, पलीकडं कर्नाटक. काठावर बसून डबा उघडला: कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गुळाचा खडा. सायकलवर न्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पिशवीत दाबली गेली तर भाकरीचे तुकडे होतात, एवढंच. तसेही ते करायचेच असतात. चटणीत तेल असतं, ती भाकरीवर चोळून घेतली की चमचा लागत नाही. उपमा-पोहे नेले तर दहापर्यंत आंबूस वास यायला लागतो. पाणी मी तीन लिटर नेते आणि गावात भरून घेते. नदीत उतरू नका. वरून उजनीचं पाणी सोडलेलं असलं की पातळी वाढते, आणि काठची गाळवट दिसते तेवढी घट्ट नसते.

तिथं मी तासभर काही केलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंही नाही, आणि घरी तेच पटवणं सगळ्यांत अवघड जातं. "तासभर नुसती बसलीस?" हो, नुसती.

परतीचा रस्ता तोच, पण वारा तोंडावर. हिवाळ्यात इथं वारा बहुतेक ईशान्येकडून येतो. जाताना महामार्गावर तो पाठीला असतो म्हणून वेळेचा अंदाज फसतो. परतीला निदान अर्धा-पाऊण तास जादा धरा आणि दहा-साडेदहाला संगम सोडाच. महामार्गाच्या अलीकडं पुढचं चाक बसलं. वेडी बाभूळ. या भागात हिचे वाळलेले काटे कडेच्या मातीत विखुरलेले असतात, म्हणून डांबर सोडून कडेला लावताना सायकल ढकलत नेऊ नये, उचलून ठेवावी. ट्यूब बदलणं सोपं, काटा शोधणं अवघड. तो टायरमध्ये मोडून बसलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही. तसाच ठेवून नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर परत खाली. टायरच्या आतून फडकं हळूहळू फिरवायचं. जिथं धागा अडकेल तिथं काटा. उघडं बोट फिरवलं तर काटा सापडतो, पण बोटातच. भुवया कोरायचा चिमटा यासाठी माझ्या किटमध्ये असतो. दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि ठिगळं हे तर हवंच. आतल्या गावात दुकान असलं तरी गिअरच्या सायकलीची ट्यूब मिळेलच असं नाही.

राहता राहिला फोन. एकटं जाताना कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ माहीत असायलाच हवी, यात तडजोड नाही. पण लाइव्ह लोकेशन मी चालू ठेवत नाही. ठिपका थांबला की घरून फोन येतो, "का थांबलीस?" आणि मग तासभर नुसतं बसता येत नाही. नवऱ्याशी ठरलं ते असं: निघताना एक मेसेज, संगमावरून एक, परत महामार्गाला लागल्यावर एक. दीडपर्यंत तिसरा आला नाही तर त्यानं निघायचं. हे ठरवताना आमच्यात जे व्हायचं ते झालं, पण ठरल्यापासून दोघंही सुखी आहोत. स्ट्रावा हे फेरीची वाट नोंदवणारं ॲप वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन सुरुवातीची आणि शेवटची जागा लपवा, नाही तर तुमचं घर आणि तुमची निघायची वेळ सगळ्यांना कळते. जानेवारी 2018 मध्ये याच स्ट्रावाच्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्याचा गाजावाजा झाला होता, मग आपली सोसायटी काय लपणार! फेरीचे फोटोही मी घरी पोचल्यावरच टाकते.

दिवस निवडताना श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. देवळात पाय ठेवायला जागा नसते. मार्गशीर्षातली वेळ अमावस्याही. त्या दिवशी सगळं शिवार माणसांनी भरलेलं असतं, भज्जी आणि आंबील घेऊन घरंच्या घरं शेतात असतात, आणि सायकलवाल्याला जेवल्याशिवाय कुणी पुढं जाऊ देत नाही. एकांत हवा असेल तर त्या दिवशी घरी बसा. जेवायचं असेल तर जरूर जा, पण परतीचा भरवसा धरू नका.

ऐंशी किलोमीटर जास्त वाटत असतील तर आधी तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन या, सकाळच्या चहाच्या वेळेला घरी पोचता. मधलं अंतर हवं तर बार्शी रोडनं नान्नज. तिथं माळढोक अभयारण्य आहे, माळढोक दिसेल ही आशा मात्र ठेवू नका, काळवीट दिसतात. गवताळ माळावर सायकल घालायची नाही, आत जायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढायची. तिथं आडोसा कुडलपेक्षाही कमी आहे, तेव्हा पेट्रोल पंपाचं आधी बघून ठेवा.