डीडवाना: वाळूत दगड शोधताना

राजस्थानातल्या डीडवान्याला अश्मयुगीन हत्यारं बघायला म्हणून जाऊ नका. ती बघायची तर निघण्याआधी पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय गाठा. थरच्या वाळवंटात बघायची ती जमीन: दगड कुठे, पाणी कुठे आणि मधे पायपीट किती.

जयपूरहून सकाळी गाडीने निघालं की जेवायच्या वेळेला पोचतो. गावाला लागून खारं तळं आणि मिठागरं, बाजूला बुटक्या खडकाळ टेकड्या, बाकी वाळू. १९८०च्या दशकात वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू वगैरे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथली '१६ आर' नावाची वाळूची टेकडी सुमारे १८ मीटर खोल खणली. वाऱ्याने उडत आलेल्या वाळूत मुठीएवढा दगड येईलच कसा? म्हणजे तिथला प्रत्येक कपचा, म्हणजे दगडाचा तुकडा, कुणीतरी हातात धरून आणलेला. मधूनमधून चुनकंकरांचे, म्हणजे चुन्याच्या खड्यांचे, पांढरट पट्टे दिसतात. पाऊसमान बरं झालं, वाळू स्थिरावली, त्या काळाची ती खूण. वाळवंटात माणूस कायम तग धरून बसला नव्हता, पावसामागे येत-जात होता, हे मला त्या पट्ट्यांकडे बघूनच पटलं.

सिंगी तलाव हे अश्मयुगीन उत्खननाचं ठिकाण जवळच आहे. २०२१च्या कालमापनानुसार इथल्या हातकुऱ्हाडी सुमारे १ लाख ७७ हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांचा दगड आसपासच्या टेकड्यांतला. पण उत्खननात सहा छोटे स्फटिकही निघाले, न घडवलेले, हत्यारासाठी फारच लहान. ते बाहेरून आणले असावेत असं उत्खननकर्त्यांचं मत. आधीच जड दगड वाहणाऱ्यांनी हे कशाला उचललं असेल? आवडले म्हणून, असं आपलं मला वाटतं.

वेळ असेल तर नागौरच्या वाटेवर जायलला उतरा. तिथे जुन्या नदीच्या गोट्यांचा लांबलचक उंचवटा आहे, क्वार्टझाइट हा कठीण दगड आणि गारगोटी यांचा. दगडाचं कोठारच ते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पहाटे कडाक्याची थंडी असते, दुपारी टोपी लागते. पाणी गावातूनच भरून न्या. भुरट गवताची काटेरी बोंडं लोकरीच्या मोज्यांना अशी चिकटतात की मोजे टाकूनच द्यावे लागतात, तेव्हा गुळगुळीत कापडाची पँट आणि उंच बूट घाला. बरीचशी जमीन शेतकऱ्यांची आहे, आधी 'राम राम सा' म्हणून विचारा. कपचा दिसलाच तर शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा, आणि तो तिथेच राहू द्या. उचललेल्या दगडावरून तो कुठून कुठे आला हे मग कुणालाच सांगता येत नाही.