हिरो व्हायचं तर आधी मरता आलं पाहिजे

प्राचीन ग्रीक कवी होमरचं इलियड हे महाकाव्य उघडलं की हिरो म्हणून जो माणूस पहिल्यांदा भेटतो तो चक्क रुसून बसलेला असतो. युद्धाचं दहावं वर्ष चालू आहे, वेढा घातलेलं ट्रॉय शहर काही पडत नाहीये, आणि ग्रीकांचा सगळ्यात भारी योद्धा अकिलीस जहाजांपाशी तोंड फुगवून बसलाय, कारण ग्रीकांचा सरसेनापती अगामेम्नॉनने त्याच्या वाट्याला आलेली बंदिनी ब्रिसेइस भर सभेत काढून घेतली. तो तलवार उपसणारच असतो तेवढ्यात अथीना देवी मागून येऊन त्याचे केस धरते, म्हणून अगामेम्नॉन वाचतो. मग हा आईला (ती देवी आहे) बोलावतो आणि सांगतो की देवांचा राजा झ्यूसकडे जा आणि आमच्याच लोकांना मार खाऊ दे, म्हणजे कळेल त्यांना माझी किंमत. आमच्याच लोकांना! आणि तसं खरंच होतं, माणसं पटापट मरतात, हा बघत बसतो. काव्य सुरूच होतं ते त्याच्या रागापासून, आणि सुरुवातीच्या ओळींतच कवी सांगून टाकतो की या रागाने कितीतरी वीर मृत्युलोकाचा देव हेडीसच्या घरी गेले आणि त्यांची प्रेतं कुत्र्यांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी पडली.

आता ह्याला हिरो कसं म्हणायचं? आपल्या डोक्यात हिरो म्हणजे चांगला माणूस, स्वतःचं बाजूला ठेवून दुसऱ्यासाठी धावणारा, आणि ते मोजमाप घेऊन होमर वाचायला बसलात तर दर दोन पानांनी चिडचिड होणार. होमरच्या हिरोकडे चांगुलपणा असेलही, नसेलही, तो मुद्दाच नाही. त्याच्याकडे ताकद असते (आजची दोन माणसं उचलू शकणार नाहीत असा दगड डायोमिडीस हा ग्रीक वीर एकटा उचलून फेकतो), बऱ्याच वेळा आईबापांपैकी एक जण देव असतो किंवा वर कुठेतरी पणजोबा तरी, आणि मुख्य म्हणजे त्याला मान लागतो. तोही मनातला नाही, दिसणारा, चारचौघांत हातात ठेवलेला. लुटीतला वाटा, तिवई, घोडे, बाई, जेवताना मांसाचा चांगला तुकडा. हे काढून घेतलं म्हणजे सगळ्यांसमोर सांगितलं की तू कोणी नाहीस. म्हणून अकिलीसचं भांडण हे नुसते मानपानाचे फुगवे वाटले तरी त्याच्या जगात ते जिवावरचं भांडण आहे.

आणि ब्रिसेइस? तिचा नवरा अकिलीसनेच मारलेला, तीन भाऊही तेव्हाच गेलेले. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस पुढे मारला जातो, त्याच्या प्रेतावर पडून ती रडते तेव्हा तिला पहिल्यांदा तोंड उघडायला मिळतं, तोपर्यंत ती फक्त कुणाची तरी बक्षिसाची वस्तू. पण होमर तिला बोलायला देतो हे विसरू नका, ह्या मानाचं बिल कोणाच्या नावावर फाटतं हे त्याला पुरतं माहीत आहे.

पण ताकद आणि मान तर देवांकडेही आहे, उलट जास्तच आहे. मग देव हिरो का नाहीत? मला वाटतं सगळी गोम इथे आहे. पाचव्या सर्गात डायोमिडीस थेट युद्धदेव एरिसच्या पोटात भाला घालतो (अथीनाच्या मदतीने). एरिस नऊ-दहा हजार माणसांएवढ्या आवाजात बोंबलतो, पळत ऑलिंपसवर जातो, झ्यूसजवळ बसून रक्त दाखवत रडगाणं गातो, झ्यूस त्याला झापतो की सगळ्या देवांत मला तूच सगळ्यात नकोसा, मग वैद्य औषध लावतो, आंघोळ, नवे कपडे, आणि हा पुन्हा ऐटीत बापाशेजारी. संपलं. अख्खा प्रसंग कॉमेडी आहे. तीच जखम माणसाला झाली असती तर होमरने दोन ओळींत त्याचं गाव, बाप, घरी वाट बघणारी बायको सांगून त्याला मातीत पाडलं असतं, आणि वाचताना घशात काहीतरी अडकलं असतं. देवांना गमवायला काही नाही, म्हणून त्यांचं शौर्य म्हणजे फुकटचा खेळ.

हीच गोष्ट बाराव्या सर्गात सार्पेडॉन स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि माझ्या मते पूर्ण इलियडमधलं सगळ्यात स्वच्छ बोलणं ते आहे. हा लिसियाचा राजा, झ्यूसचा मुलगा, ट्रॉयच्या बाजूने लढायला लांबून आलेला. ग्रीकांच्या तटबंदीसमोर उभा राहून मित्राला, ग्लॉकसला, विचारतो की आपल्याला तिकडे पहिल्या रांगेत आसन, मांस, भरलेले प्याले, नदीकाठची जमीन हे सगळं का मिळतं? तर पुढे उभं राहून लढतो म्हणून. इथपर्यंत तो एखाद्या कराराची कलमं वाचून दाखवतोय असं वाटतं. पण मग तो म्हणतो, अरे, ह्या लढाईतून सुटून आपण कायमचे अजर-अमर होणार असतो ना, तर मीही पुढे लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण हजार बाजूंनी उभंच आहे, टाळता येत नाही, तर चल, एक तर आपण कुणाला कीर्ती देऊ नाहीतर कुणीतरी आपल्याला देईल.

चार सर्गांनंतर पॅट्रोक्लस त्याला मारतो. बाप झ्यूस वरून बघतोय, मनात येतं की उचलून घरी ठेवू का ह्याला, तर बायको हेरा म्हणते कर हवं तर, पण मग प्रत्येक देव आपापल्या पोराला उचलायला लागेल. झ्यूस गप्प बसतो आणि रक्ताचा पाऊस पाडतो. बाप देवांचा राजा असूनही सुटका नाही.

ह्याच कारणाने ती टाचेची गोष्ट मला अजिबात आवडत नाही, अकिलीसचं सगळं अंग अभेद्य आणि फक्त टाच कच्ची वगैरे. होमरमध्ये ती नाहीच. उलट एकविसाव्या सर्गात अॅस्टेरोपेयस नावाचा दोन्ही हातांनी भाले फेकणारा योद्धा येतो, त्याचा एक भाला ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला घासून जातो आणि काळं रक्त येतं. रक्त येतं, म्हणजे मरू शकतो, म्हणजेच हिरो होऊ शकतो. चिलखतासारखी कातडी असती तर त्याचा एरिस झाला असता, बाकी काही नाही.

अकिलीसला तर हे मरण आधीच माहीत आहे. नवव्या सर्गात ओडिसियस, फीनिक्स आणि एजॅक्स हे तिघे ग्रीक सरदार त्याची समजूत काढायला जातात, बरोबर अगामेम्नॉनची लांबलचक यादी, सात तिवया, दहा टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं, वीस हंडे, बारा घोडे, सात बायका, ब्रिसेइस परत, वर मुलगी आणि सात शहरं. ते पोचतात तेव्हा हा लायर (एक तंतुवाद्य) वाजवत जुन्या वीरांची कीर्ती गात बसलेला असतो, म्हणजे कीर्तीवरून विश्वास उडालाय आणि तरी गाणी तीच. तो नाही म्हणतो. म्हणतो, घरी बसलेल्याला आणि जीव तोडून लढलेल्याला वाटा सारखाच, मरतातही दोघं सारखेच. गुरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, पण माणसाचा श्वास एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की परत आणता येत नाही. आईने सांगितलंय, इथे राहिलो तर घरी जाणं नाही पण कीर्ती कधी मरणार नाही, गेलो तर कीर्ती गेली पण आयुष्य मोठं. आणि चक्क तुम्हीही घरी जा असा सल्ला देतो. म्हणजे ज्या व्यवहारावर सार्पेडॉनने सही केली तोच व्यवहार इथे सगळ्यात मोठा हिरो फेकून देतोय, आणि शेवटी रणात उतरतो तो कीर्तीसाठी नाही, तिवयांसाठी तर नाहीच, पॅट्रोक्लस मेला म्हणून उतरतो.

जाता जाता थर्सायटीस. दुसऱ्या सर्गातला फेंगड्या पायांचा, बसक्या खांद्यांचा शिपाई, अगामेम्नॉनला तोंडावर सांगतो की तुला अजून किती सोनं न बायका पाहिजेत, आम्ही जातो घरी. जवळपास अकिलीसचंच म्हणणं. त्याला ओडिसियस राजदंडाने पाठीत हाणतो, वळ उठतो, तो रडतो आणि सगळं सैन्य हसतं. तेच वाक्य कोणाच्या तोंडी आहे ह्यावर ठरतं हिरो का विदूषक. होमर ह्याच्या बाजूने आहे असं मी म्हणणार नाही, पण भाषण त्याने चांगलं लिहिलंय.

आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर. लोकांना हेक्टर आवडतो कारण तो आपल्या मोजमापात बसतो, बायको, तान्हं पोर, शहर. पोर शिरस्त्राणाच्या तुऱ्याला घाबरून रडतं तेव्हा आईबाप हसतात, तो शिरस्त्राण काढून खाली ठेवतो आणि मग त्याला घेतो, हे सगळं आहेच. पण त्याच भेटीत त्याची बायको अँड्रोमकी त्याला मुद्द्याचं सांगते की अंजिराच्या झाडापाशी भिंत चढायला सोपी आहे, ग्रीकांनी तिथे तीनदा प्रयत्न केलाय, सैन्य तिथे लाव. तो म्हणतो मागे राहिलो तर ट्रॉयच्या लोकांसमोर मला लाज वाटेल. पुढे त्याचा सोबती पॉलिडेमस म्हणतो रात्रीच सैन्य आत घे, अकिलीस परत आलाय, तेही ऐकत नाही. मग बाविसाव्या सर्गात दरवाज्याबाहेर एकटा उभा, भिंतीवरून आईबाप विनवतायत, आणि हा मनात म्हणतो की आत गेलो तर पहिला टोमणा पॉलिडेमस मारेल, माझ्या अट्टाहासाने मी माझी माणसं मारली. चूक कळलीय, पण ती कबूल करायला आत जायची लाज वाटते. ज्या लाजेने त्याला वीर केलं तीच त्याला आणि ट्रॉयला बुडवते.

आणि अकिलीस जवळ आल्यावर तो पळतो! शहराला तीन फेऱ्या, त्या दोन झऱ्यांवरून, एक गरम एक थंड, जिथे शांततेच्या दिवसांत ट्रॉयच्या बायका कपडे धुवायच्या. होमर हे लपवत नाही, उलट म्हणतो की ही शर्यत बैलासाठी किंवा कातड्यासाठी नव्हती, हेक्टरच्या जिवासाठी होती. अथीना त्याच्या भावाचं, डिइफोबसचं, रूप घेऊन येते म्हणून तो थांबतो, भाला फेकतो, तो ढालीवरून उडतो, दुसरा मागायला हाक मारतो तर तिथे कोणीच नाही. तेव्हा त्याला कळतं. आणि मग तो म्हणतो, ठीक आहे, पण हातपाय न हलवता नाही मरणार, पुढच्या लोकांनी ऐकावं असं काहीतरी करून मरेन. तीन फेऱ्या पळाल्यावर. माझ्या लेखी तो हिरो होतो तो इथे, शिरस्त्राणाच्या सीनमध्ये नाही.

ओडिसियसचं प्रकरण वेगळं, ते होमरच्या दुसऱ्या काव्यात, ओडिसीत आहे. त्याला कॅलिप्सो ही देवी अमरत्व देत असताना तो किनाऱ्यावर बसून घरासाठी रडतो आणि नको म्हणतो, म्हणजे मरण त्यानेही निवडलं, फक्त म्हातारपणीचं आणि घरचं. आणि तोच सायक्लॉप्स या एकडोळ्या राक्षसाच्या गुहेतून स्वतःला ‘कोणी नाही’ म्हणवून सुटतो, आणि जहाजावर चढल्यावर न राहवून खरं नाव ओरडून सांगतो, ज्याच्यामुळे त्या राक्षसाचा बाप, समुद्रदेव पोसायडन, मागे लागतो. नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही, खोडच ती.

हाच ओडिसियस ओडिसीच्या अकराव्या सर्गात मृतांच्या जगात मेलेल्या अकिलीसला भेटतो आणि म्हणतो, तू जिवंतपणी देवासारखा होतास, आता इथेही राजा, वाईट वाटून घेऊ नकोस. अकिलीस म्हणतो, मला मरण गोड करून सांगू नकोस, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या कंगाल माणसाच्या शेतावर मजुरी केलेली बरी. हे वाक्य लोक सगळीकडे कोट करतात की बघा, शेवटी त्यालाही कळलं, कीर्ती झूट आहे. पण पुढे वाचतच नाहीत. लगेच तो विचारतो, माझ्या मुलाचं काय, लढतो का पुढे राहून? ओडिसियस सांगतो की निऑप्टोलेमस एक नंबर, ट्रॉयच्या लाकडी घोड्यात लपून बसलो होतो तेव्हा बाकीचे थरथरत होते, हा मात्र बाहेर पडायला टपलेला. हे ऐकून अकिलीसचा आत्मा त्या अॅस्फोडेल फुलांच्या कुरणातून लांब लांब ढांगा टाकत खुशीत निघून जातो. म्हणजे बाबा मेला तरी सुधारला नाही, आणि सुधारला असता तर मला तरी तो पटला नसता.