एफवरची वेलांटी

माझ्या मेकॅनिकल कीबोर्डवर केवळ रोमन अक्षरे होती आणि मराठीसाठी मी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कळमांडणी वापरत असल्यामुळे ‘ण’ किंवा ‘ठ’ हवा असला की बोट हवेतच थबकत असे. देवनागरी कीकॅप, म्हणजे कळांवरच्या टोप्या, मनासारख्या मिळेनात, तेव्हा लेबले घरीच करायचे ठरवले.

पहिली फजिती रंगाने केली. पारदर्शक स्टिकर-कागदावर लेसर प्रिंटरने काळी अक्षरे सुबक उमटवली, पण कीकॅप गडद करड्या असल्याने ती चिकटवताक्षणी दिसेनाशी झाली. घरच्या प्रिंटरला पांढरी छपाई येत नाही, हे आधी सुचायला हवे होते. मग पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकच्या फिकट रंगाच्या कीकॅप आणल्या आणि त्या स्पिरिटने पुसून घेतल्या.

कापलेली लेबले कळांच्या क्रमाने ताटात मांडताना मात्र मी कात्री बाजूला ठेवून पाहतच राहिलो. मधल्या ओळीत उजवीकडे प, क, त, च, ट, म्हणजे प्रत्येक वर्गाचे पहिले अक्षर. त्यांच्या बरोबर वर ब, ग, द, ज, ड, आणि शिफ्ट दाबली की त्याच कळांवर फ, ख, थ, छ, ठ आणि भ, घ, ध, झ, ढ. डावीकडे ह्रस्व वेलांटीच्या डोक्यावर दीर्घ वेलांटी, पहिल्या उकाराच्या डोक्यावर दुसरा. ‘ल’च्या कळेवर शिफ्टने ‘ळ’ आणि ‘र’च्या कळेवर, खास ‘वाऱ्या’साठी, ‘ऱ’. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातली ही मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही लागू असल्याने कन्नड किंवा बंगाली ‘क’ही याच कळेवर सापडतो. वर्णमाला शाळेत घोकली होती, पण तिची अशी घडी घालता येते हे मला ताटातच दिसले.

दोन शेजारच्या कळांच्या मध्यांत १९.०५ मिलिमीटर अंतर असते, परंतु कीकॅपचा माथा त्याहून बराच आखूड असतो आणि त्याचा डावा वरचा कोपरा रोमन अक्षराने आधीच अडवलेला असतो. म्हणून उजवीकडे वर शिफ्टचे अक्षर आणि खाली मूळ अक्षर, प्रत्येकी जेमतेम पाच मिलिमीटर, अशी वाटणी केली. संगणक एकट्या वेलांटीला उभे राहू देत नाही, शेजारी ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. ते मी आधी हौसेने पुसले होते. पण एवढ्याशा आकारात पहिली वेलांटी कोणती आणि दुसरी कोणती हे मलाच कळेना, तेव्हा वर्तुळे निमूटपणे परत आणली.

खरा छळ एफ आणि जे यांनी मांडला. न बघता बोटे जागेवर यावीत म्हणून या दोन कळांवर खालच्या कडेला उंचवटा असतो आणि त्याच्यावर चढलेले लेबल चार दिवसांत कोपऱ्यातून सुटते. ‘र’ अंगाने सडपातळ असल्यामुळे कडेला सरकून निभावला. वेलांटीला मात्र वर्तुळासकट जागा हवी होती, म्हणून तिला चिमट्याने उचलून वर नेले आणि एफच्या माथ्यावर आता ‘इ’ व तिची वेलांटी लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारख्या खेटून बसल्या आहेत.