वसईची घंटा

आबांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "हाई घंटा वसईनी शे, भाऊ." जुन्या घंटांच्या नोंदी करत फिरणाऱ्या आमच्यासारख्याला तेवढं पुरतं. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या दैवतांकडे नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721 साल आहे, मेणवलीच्या घाटावर एक आहे, भीमाशंकरला एक. खानदेशात एखादी सापडली तर? पहाटेची एसटी धरून अमळनेर गाठलं, तिथून रिक्षाने गाव.

महादेवाचं देऊळ साधंच. सभामंडपात सागाच्या तुळईला घंटा, तिच्यावर चंदेरी ऑइलपेंटचे थरावर थर. आबा वय वर्षं ऐंशी, पांढरी टोपी, शिडी धरायला स्वतः उभे. मी वर चढून टेप लावली. तोंडाचा व्यास 61 सेंटिमीटर. पोर्तुगीज घंटेवर सहसा क्रूस असतो, कधी मेरी. इथे बोटांना नुसतीच उठावाची अक्षरं लागत होती. रंग खरवडायचा नाही हा आमचा नियम. देवळाची वस्तू आहे, शिवाय खरवडताना अक्षरच जातं. पातळ कागद धरून वरून मेणाचा खडू हलक्या हाताने घासला. आधी एक आकडा उमटला, 1868. पोटात गोळा आला.

खिशात जुन्या स्पीकरमधलं चुंबक होतं. घंटेचं कांस्य म्हणजे ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील, त्याला चुंबक धरत नाही. इथे ते टक्‌ करून चिकटलं. इतकं, की काढताना नख दुखलं.

दुसऱ्या कागदावर उरलेलं उमटलं: नेलर व्हिकर्स, कास्ट स्टील, शेफिल्ड, ई. रीपे यांचं पेटंट. पुढे तोफा आणि मशिनगन करणारी व्हिकर्स कंपनी ती हीच. त्या काळात ती पोलादाच्या घंटा ओतायची. कांस्यापेक्षा स्वस्त, म्हणून चर्च, शाळा, बंबखाने, सगळीकडे खपायच्या. 1865ला रेल्वे थळ घाट, म्हणजे कसारा घाट, चढली, 1867ला नागपूरला पोचली. भुसावळच्या आसपास गोऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या त्या याच सुमाराला. ही घंटा कुठल्या प्रार्थनाघरातली ते मात्र तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

लाकडी मोगरीने पाच ठोके दिले, दोन ठोक्यांमध्ये आवाज पूर्ण विझू दिला. चर्चच्या घंटेत मूळ सुराच्या वर कोमल गांधार लागतो, म्हणून ती लांबून जराशी उदास वाटते. हिच्यात तो होता, पण कोरडा. कांस्याची रेंगाळणारी आस नाही. शेवटच्या ठोक्याला मागे बकरी ओरडली, तीही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

खाली उतरलो. आबा म्हणाले, "मंग? वसईनी ना?"

खोटं बोलता येत नव्हतं. कागद दाखवला, साल वाचून दाखवलं, आगगाडीचं सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्यांच्या आज्याने ती भुसावळच्या भंगारातून बैलगाडीत घालून आणली असं घरात बोलायचे. वसईचं तर पुढे एका कीर्तनकाराने सांगितलं. हे फोनवर का नाही सांगितलंत, विचारलं तर हसले. "तू उना नसता." आला नसतास, म्हणजे.

मी वहीत दोन्ही लिहिलं. स्थानिक समज: वसई. घराण्याची आठवण: भुसावळ, भंगार. निघताना आबांनी चुंबक मागून घेतलं.

पंधरा दिवसांनी नातवाचा फोन आला. आबा ते चुंबक घंटेला लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. "ते म्हणतात, वसईची घंटा आहे, लोखंड ओढते."