संदर्भासाठी दोन नावं

मंगळवार, रात्री

वेर्ण्याच्या औषध कंपनीचा फॉर्म भरून झाला. राहिला तो शेवटचा रकाना: संदर्भासाठी दोन नावं. लॅब सोडली तेव्हा मुलगा बालवाडीत होता, आता बारावीला आहे. मधली वर्षं फोंड्यात उच्च माध्यमिकच्या मुलांची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेण्यात गेली.

ह्यांचं म्हणणं, जुन्या प्लांट हेडचं नाव दे, वजन पडेल. मला नाही पटत. ते सर लॅबमध्ये यायचे ते ऑडिटच्या आदल्या दिवशी. एचआरने फोन केला तर ‘चांगली मुलगी होती’ यापुढे काय सांगणार?

सेक्शन इन्चार्ज मॅडमना मात्र माझी वही न् वही ठाऊक. एकदा एका बॅचचा रिझल्ट मर्यादेबाहेर आला. माल निघायची घाई. सॅम्पल पुन्हा एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालव आणि नवा येईल तोच आकडा लिही, असं मला सुचवण्यात आलं. मी पहिला आकडा जसाच्या तसा नोंदवला आणि ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेरच्या रिझल्टची रीतसर चौकशी, उघडलं. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या, क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या यंत्राचा आलेख, नीट बघितला, सही केली आणि प्रॉडक्शनला फोन स्वतः लावला.

मी बाहेर असताना या क्षेत्रात बरंच बदललं. २०१८ मध्ये यूएसएफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाची, डेटा इंटिग्रिटीवरची (नोंदींच्या खरेपणावरची) मार्गदर्शक तत्त्वं आली, २०२३ च्या अखेरीस आपल्याकडे सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, आलं. नवी सॉफ्टवेअरं मी शिकेन. पण आकड्याला हात लावत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनीच सांगायला हवं.

मॅडम आता निवृत्त, मडगावला असतात. संध्याकाळी फोन केला. ‘नाव दे गं, पण आधी जाहिरात आणि तुझा बायोडेटा पाठव, म्हणजे काय विचारतील ते कळेल,’ म्हणाल्या. कंपनीचा ईमेल त्यांच्याकडे नाही, खासगी चालेल का ते एचआरला विचारायचंय.

तरी त्यांचं सांगणं जुन्या दिवसांचं. आज मी वेळेवर येते का, माणसांशी कशी वागते, हे प्राचार्यच सांगू शकतील. म्हणून दुसरं नाव त्यांचं. त्यांना अजून काही बोलले नाहीये. उद्या प्रॅक्टिकल संपल्यावर भेटेन, आणि होकार मिळाला तरच रकाना भरेन. शेजारी एवढं लिहीन: इथे फोन करण्याआधी मला कळवावे.