अर्धी साक्ष

नाताळाला आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे नव्या कपड्यांत असतात, त्यामुळे जरा जपून वागतात. कापणीच्या सणाला मात्र कोंबड्या असतात. दिवाळीनंतरच्या एका रविवारी साताऱ्यातल्या आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे पाय ठेवायला जागा उरत नाही. जावळीकडच्या भाताच्या लोंब्या, कोरेगावचा वाघ्या घेवडा, ओल्या मातीसकट आल्याचे गड्डे, दारापाशी बांधलेले उसाचे वाढे. पाळकसाहेब प्रार्थनेला डोळे मिटतात आणि नेमकी तेव्हाच पाय बांधलेली कोंबडी ओरडते. लहानपणी आम्हा भावंडांची पैज असायची, ‘आमेन’च्या आधी किती वेळा ओरडेल याची.

पहिलं पीक देवापुढे ठेवायची रीत पवित्र शास्त्रातली, आणि त्यानंतरचा लिलाव अगदी आपल्याकडचा. उपासना झाली की सगळा माल अंगणात येतो आणि मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ, स्टुलावर उभे राहतात. “लिंबू एक! बोला!” लिंबू दहा रुपयांना जातं. घेणारा ते परत दान करतो, मग पन्नासला जातं, पुन्हा परत येतं. एका वर्षी एकच लिंबू दुपारपर्यंत फिरत होतं; शेवटी कुणीतरी ते सरबतात पिळलं, म्हणून सुटलं बिचारं.

या लिलावातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या धाकट्या भावाचा. त्याला दरवर्षी दुधी भोपळाच हवा असायचा. घरी दुधी खायचा नाही, पण लिलावात “एकशे एक!” अशी आरोळी ठोकायचा आणि पैसे आईकडून घ्यायचा. आई म्हणायची, “अरे मेल्या, मंडईत वीसला मिळतो!”

2011 च्या पावसाळ्यात आठ दिवसांच्या तापाने तो गेला. एकोणीस वर्षांचा होता.

त्या आठ दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. नंतरचं मात्र लिहायला हवं. भेटायला आलेली माणसं चांगली होती, डबे आणत होती, पण बोलत होती ते सोसवत नव्हतं. “देवाला फूल आवडलं, त्यानं खुडलं.” मला वाटायचं, याची स्वतःची बाग नाही का, दुसऱ्याच्या कुंडीत हात घालतो तो? मी प्रार्थना सोडली. रविवारी आईला चर्चच्या फाटकाशी सोडायचे आणि पोवई नाक्यावर चहा पीत बसायचे. चिडले होते म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर, पलीकडे कुणी ऐकतच नसेल तर आपण इतकी वर्षं कुणाशी बोलत होतो, या विचाराने लाज वाटायची.

त्या वर्षी कापणीच्या सणाला गेले ती आईसाठी. आत न बसता मागे प्रीतिभोजनाच्या तयारीत घुसले. चुलवणावर मटणाचं पातेलं, आणि पुढ्यात गोणीभर कांदा. कांदा चिरताना रडलं तर कुणी विचारत नाही, ही सोय मला फार आवडली. शेजारी आमच्या सिस्टर बसल्या होत्या. नर्सिंग मिरजेला केलेलं, डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या त्या इस्पितळात. जन्म रात्रपाळ्यांत गेलेला. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी सगळे ‘सिस्टर’च म्हणतात. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त माझी बोथट सुरी काढून घेतली आणि स्वतःची दिली.

बाहेर लिलाव चालू होता. ऐकू यायचं सगळं. “दुधी एक! बोला!” कुणीतरी तीस म्हणालं. “तीस एक वार. तीस दोन वार…” आणि वडील थांबले. सगळं अंगण थांबलं. एरवी इथेच ती आरोळी यायची. मग आईचा आवाज आला, बारीक, “एकशे एक.” वडिलांनी तीन वार म्हटलंच नाही. भोपळा नुसता तिच्या हातात दिला.

संध्याकाळी साक्षींचा कार्यक्रम असतो, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते एकेकाने उठून सांगायचं. खरं सांगू, हा भाग मला कधीच फारसा आवडला नाही. संकट आलं, प्रार्थना केली, संकट गेलं, हालेलुया. सगळ्यांच्या साक्षी एकाच शिंप्याकडे शिवल्यासारख्या. त्या संध्याकाळी सिस्टर उठल्या. हाताला अजून कांद्याचा वास असणार. म्हणाल्या, “माझी साक्ष यंदा अर्धीच आहे. विश्वास ठेवते म्हणायला आलेय, आणि जमत नाही हेही सांगायला आलेय. वॉर्डात मी फार पोरं जाताना बघितली. का, ते मला कळलेलं नाही.”

मग त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या बापाची गोष्ट सांगितली, आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला तो. तो एकाच दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि माझा अविश्वास घालवून टाका. “दोन्ही एकाच तोंडाने म्हणाला,” सिस्टर म्हणाल्या, “आणि येशूने त्याला आधी नीट ठरवून ये म्हणून परत नाही पाठवलं. पोराला बरं केलं.” एवढं बोलून त्या खाली बसल्या. कुणी हालेलुया म्हटलं नाही.

पाळकसाहेबांनी त्यावर थोमाची आठवण काढली. संशयी म्हणून बदनाम झालेला, आणि परंपरेनुसार भारतात आलेला शिष्य तो हाच. पण साहेबांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच ओळीवर. येशू पुन्हा उठल्याचं बाकीचे सांगत होते आणि थोमा मानत नव्हता. त्यानंतर आठ दिवसांनी ते सगळे पुन्हा घरात जमले तेव्हा, योहान लिहितो, थोमा त्यांच्याबरोबर होता. “आठ दिवस त्याचा विश्वास नव्हता,” साहेब म्हणाले, “पण त्यांनी त्याला घराबाहेर काढलं नाही, आणि तोही उठून गेला नाही.” आठ दिवस हा शब्द ऐकला आणि मी मान खाली घातली.

मग पेटी आली, टाळ आले, भजन सुरू झालं. आमच्या साताऱ्याला भजनाचा अभिमान जरा जास्तच. मराठीत ख्रिस्ती भजनं लिहिणारे कवी ना. वा. टिळक, त्यांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा इथेच मांडला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या; त्यांना पुढे पाचेक वर्षं लागली. आमची आजी हे फार खुशीत सांगायची: “नवरा पळत गेला, बाई चालत गेली.” आजीचं वाक्य मी कित्येकदा ऐकलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा ते माझ्या कामाचं वाटलं.

मी गायले नाही. ओठ हलवले, तेही आई बघत होती म्हणून. पण आजूबाजूचे सूर पायाखालच्या सतरंजीतून अंगात येत होते, आणि माझ्या वाटचं ते सगळे म्हणत होते. पुढच्या रविवारी चहा प्यायला गेले नाही. शेवटच्या बाकावर बसले. दोन बाकं पुढे सरकायला मला वर्ष लागलं. प्रार्थना परत आली ती नाताळच्या सुमारास, तीही भांडणाच्या स्वरूपात. अजून मधूनमधून भांडतेच.

भोपळा आई अजून घेते. दर आता दोनशे एकवर गेलाय, पण तिच्यापुढे कुणी बोली लावत नाही. सिस्टर ऐंशीच्या पुढे गेल्यात, पण कांद्यावर त्यांचाच हक्क. गेल्या वर्षी पाट ओढून शेजारी बसले आणि विचारलं, “काय सिस्टर, यंदा साक्ष अर्धी का पुरी?”

“पाऊण,” त्या म्हणाल्या. “सरक तिकडं. आणि बारीक चीर गं, मागच्या वर्षी जाड चिरलावतास.”